उजवी टंकी आधी

धारेतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी पीथमपुरात खिडक्यांच्या जाळ्या बनवायच्या कारखान्यात होते. चूक त्यांची नाही. कुणी विचारलं, कुंदाताई, तुम्ही तिथे करता काय, की मी सांगायची, जाळ्या टाकते. एकदा तर गल्लीच्या टोकाचे एक गृहस्थ बाल्कनीची मापं कागदावर लिहून घेऊनच आले. मी त्यांना चहा दिला आणि एका लोहाराचा पत्ता दिला. समजावत बसले असते तर चहा गार झाला असता.

आता आमच्या माळव्यातल्या मराठी समाजाच्या दिवाळी अंकात चार पानं मिळालीच आहेत, तर समजावते. ज्या मुलांना मराठी वाचायला जड जातं त्यांना घरातल्या कुणी वाचून दाखवावं. मी तसंही बोलल्यासारखंच लिहिते, दुसरं मला येत नाही.

तर काम असं. लोखंडाची एखादी वस्तू बनवायची आहे, समजा गाडीखालचा एखादा आधार. ती किती भार झेलेल, कुठे वाकेल, कुठे तडकेल, हे ती बनवून मोडून पाहण्याआधी कळलं तर बरं. पण वेड्यावाकड्या अख्ख्या वस्तूचं गणित सरळ मांडून सोडवणं मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनाही जमत नाही. म्हणून तिचं चित्र कॉम्प्युटरात घेऊन त्याचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, हजारांनी. एका चिमुकल्या तुकड्याचं गणित सोपं असतं. इकडून एवढं ओढलं तर तो एवढा ताणला जातो, बस. शेजारचा तुकडा त्याला चिकटलेला, त्यामुळे एक सरकला की दुसऱ्याला सरकावं लागतं. असं सगळ्यांचं मिळून गणित कॉम्प्युटर सोडवतो आणि शेवटी वस्तूचं रंगीत चित्र देतो. निळं तिथे निवांत, हिरवं तिथे ठीक, पिवळं तिथे लक्ष ठेवा, लाल तिथे लोखंडाच्या जिवावर आलंय. या तुकड्यांच्या विणीला जाळी म्हणतात. कुठे बारीक विणायची, कुठे ढोबळ चालेल, वस्तू कुठे घट्ट धरलेली आहे आणि कुठून ओढली जातेय, हे कॉम्प्युटरला माणसानं सांगावं लागतं. ते सांगणारी मी.

आता तो कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. जे सांगाल ते खरं मानून चालतो. तुम्ही चुकीचं सांगितलंत तर चुकीचं उत्तरही तितकंच सुंदर रंगवून देतो. गिऱ्हाइकांना हे पटत नाही. इंदूरचे एक व्यापारी आपल्या आधाराचं चित्र पाहून माझ्यावर रुसले होते. कोपऱ्यात लाल का दिसतंय म्हणाले, आम्हाला सगळा हिरवा हवा, हिरवा शुभ असतो. मी म्हटलं, शेठजी, मग लोखंड जाड करा. तर म्हणाले, लोखंड कशाला, रंगच बदलून द्या ना. हसू नका. रंग बदलून देणारे लोकही या धंद्यात आहेत. मी तसं कधी केलं नाही. मी वेगळी चूक केली, आणि तीच सांगायला बसले आहे.

त्यासाठी आधी मी शिकले कशी ते सांगायला हवं, कारण चूक तिथूनच आली. माझं माहेर देवासचं. माई, म्हणजे माझी आई, घरी बायकांचे ब्लाऊज शिवायची. पाठ कापताना ती कापड मधोमध दुमडायची आणि कागदाचा अर्धाच नमुना वर ठेवायची. एकदा कात्री चालली आणि घडी उलगडली की पूर्ण पाठ तयार. लहानपणी मला ती जादूच वाटायची.

लग्न होऊन धारेला आले. अकरावीपर्यंतचं शिक्षण आणि हात स्वच्छ, एवढ्या भांडवलावर पीथमपुरातल्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे साहेबांच्या पेन्सिलीच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं उतरवून काढणारी. आम्ही तिघी होतो. मग कॉम्प्युटर आले, शाई गेली, दोघींनी घर धरलं. मी बसून राहिले. ऑफिसातल्या कपाटात या जाळ्यांच्या शास्त्राचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक धूळ खात पडलं होतं. शिफ्टच्या बसमध्ये जाताना-येताना मी ते मांडीवर घेऊन शब्दकोशासकट वाचलं. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे, अडलं की रात्रीच्या जेवणानंतर त्यांना विचारायची. ते म्हणायचे, तू मला निवृत्तीआधी पुन्हा नापास करणार. जिथे दोघांनाही कळलं नाही तिथे मी पानाचा कोपरा दुमडून पुढे गेले. एक धडा असा होता की त्याची पानं मी तीन वेळा दुमडली. तो लक्षात ठेवा.

आमच्याकडचं सॉफ्टवेअर स्वस्तातलं होतं. ठराविक संख्येपेक्षा जास्त तुकडे ते घ्यायचंच नाही, सरळ थांबायचं. मोठी वस्तू आली की सगळे कपाळाला हात लावायचे. मला पुस्तकात एक युक्ती सापडली. वस्तू डावी-उजवीकडे सारखी असेल तर अर्धीच घ्या आणि मधल्या कापावर कॉम्प्युटरला सांगा की इथे आरसा आहे, पलीकडचं सगळं हुबेहूब असंच. अर्ध्या तुकड्यांत पूर्ण वस्तूचं उत्तर. अहो, ही तर माईची घडी. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी ऑफिसात गुळाच्या पोळ्या वाटल्या. पुढे माझं नावच पडलं, ताईजी आधे में काम निपटा देती हैं. डिग्रीवाले इंजिनियर माझ्याकडून ती घडी शिकून गेले. त्याचा मला गर्व होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अजूनही आहे.

या घडीतूनच दूधवाल्यांची चौकट निघाली. आमच्याकडे दुधाच्या मोठ्या कॅनला टंकी म्हणतात. गावातले दूधवाले मोटरसायकलच्या मागे एक लोखंडी चौकट बसवतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक टंकी लटकवतात. गल्लोगल्लीचे लोहार ती अंदाजानं बनवतात. आमच्या कारखान्यानं ठरवलं की आपण ही चौकट नीट मोजून-मापून बनवू. चौकट गाडीला दोन पट्ट्यांनी जोडायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि पट्ट्या मधल्या नळीला वेल्ड करायच्या. चित्र माझ्याकडे आलं. दोन्ही बाजू हुबेहूब. मी घडी घातली, अर्धी चौकट घेतली, टंकी भरून लटकवली, वर खड्ड्यांच्या दणक्यांसाठी भार वाढवून धरला. पट्टी मस्त हिरवी आली. रिपोर्टवर सही केली. चौकट बाजारात गेली, छान खपली.

दीड-दोन वर्षांनी तक्रारी यायला लागल्या. चौकट तडकते. बदनावरकडे एक दूधवाला चालत्या गाडीवरून पडला, खरचटण्यावर निभावलं, पण सगळं दूध रस्त्यावर. तुटलेल्या चौकटी परत आल्या तेव्हा त्या रांगेनं ठेवून आमच्या माथुर साहेबांनी पाहिल्या. प्रत्येक चौकट एकाच ठिकाणी तडकली होती, डाव्या पट्टीच्या वेल्डपाशी. उजवी पट्टी सगळ्यांची ठणठणीत.

आता आमच्या शेडमध्ये कामाची रीत अशी होती की चौकट साच्यात बसवली की दोन वेल्डर समोरासमोर उभे राहायचे. वेल्डच्या जोडाला आम्ही टाका म्हणतो; उजवीकडचा टाका एक पोरगेला वेल्डर मारायचा आणि डावीकडचा मांगीलाल भिया, म्हणजे मांगीलालभाऊ. मांगीलाल तिरल्याजवळच्या एका खेड्यातला, पन्नाशी उलटलेला, आमच्याकडे वीस वर्षांचा जुना. त्याचा टाका इतका सरळ की नवीन मुलांना दाखवायला नेत. कमी बोलायचा. माझ्याशी मात्र बोलायचा, कारण मी त्याला भिया म्हणायची आणि तो घरच्या शेतातली मेथी आणून द्यायचा.

माथुर साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, भोपाळचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, डिग्री चांगल्या कॉलेजची. दुकानदारांचे फोन घेऊन घेऊन त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी एकच विचारलं. डाव्या पट्टीवर उजवीपेक्षा जास्त भार येतो का, तुमचं गणित काय म्हणतं? मी जुना रिपोर्ट काढला आणि सांगितलं, दोन्हीकडे अगदी सारखा, आणि दोन्ही पट्ट्या सुरक्षित. त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली पुन्हा सही केली.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ध्यानात आलं का? माझ्या तेव्हा आलं नाही. मी घडी घालून मोजलं होतं. डावं आणि उजवं वेगळं असू शकतं, हे मी कॉम्प्युटरला विचारलंच नव्हतं. उलट त्याला सांगूनच ठेवलं होतं की दोन्ही सारखे आहेत. त्यानं माझंच वाक्य मला परत दिलं आणि मी ते पुरावा म्हणून साहेबांच्या हातात ठेवलं.

पुढचं सरळ होतं. भार सारखा आहे, लोखंड सारखं आहे, तुटतंय फक्त डावीकडे, मग दोष डाव्या टाक्याचा. मांगीलालची वेल्डिंगची टॉर्च काढून घेतली आणि त्याला ग्राइंडरवर बसवलं, जिथे नवीन मुलं कडा घासतात. डोळे तपासून आण म्हणाले. शेडमध्ये कुणीतरी त्याला 'डाबा भिया', डाबा म्हणजे डावा, म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं. पुढच्या सोमवारी मीटिंग होती, त्यात त्याला काढायचं की नाही ते ठरणार होतं. पीथमपूर लांबरुंद असलं तरी वेल्डरांची दुनिया छोटी. याच्या टाक्यामुळे माणूस पडला, असं म्हणून काढलेल्या माणसाच्या हातात दुसरा कुठलाही कारखाना टॉर्च देत नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, भांडायला आला. भांडला असता तर बरं झालं असतं. डबा हातात तसाच धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आपने लिख दियो हे तो सई ज होयगा, ताईजी. म्हारा हाथ में ज फरक आयो होयगा."

तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, माझ्याच हातात फरक पडला असेल. वीस वर्षं ज्या हातानं सरळ टाका मारला, तो हात हा माणूस माझ्या एका सहीसाठी खोटा मानायला तयार झाला होता. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक, जेवून घ्या म्हणाले असेन.

रविवारी सकाळी मी दुधाचं भांडं घेऊन दारात उभी होते. आमच्याकडे दूध घालतो तो गेंदालाल, तिरल्याहूनच येतो. वर्षानुवर्षं रोज सकाळी मी त्याच्यासमोर तशीच उभी राहते. त्यानं गाडी लावली. मोटरसायकलचं बाजूचं स्टँड डावीकडे असतं, त्यामुळे उभी केलेली गाडी डावीकडे कलते. मग तो वळसा घालून उजवीकडे गेला, उजव्या टंकीचं झाकण उघडलं आणि माप आत घातलं. डाव्या टंकीचं झाकण कापडानं घट्ट बांधलेलं होतं.

मी विचारलं, "गेंदालाल भिया, तुम्ही नेहमी याच टंकीतून देता?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाला, "सीधा हाथ की पेलां, ताई. डाबा हाथ की पेलां खाली करी दूं तो गाड़ी ऊंधी पड़ी जाय. यो तो छोरा-छोरी बी जाणे हे."

लहान पोरांना ठाऊक होतं. मला नव्हतं. गाडी डावीकडे कलून स्टँडवर उभी असते. डावी टंकी आधी रिकामी केली तर उजवीकडची भरलेली टंकी गाडीला पलीकडे उलथवते. म्हणून दूधवाला उजवी टंकी आधी संपवतो, आणि तो काही एकटा गेंदालाल नव्हे, तसाच रिवाज. म्हणजे रोज निम्मा फेरा उजवी टंकी रिकामी आणि डावी काठोकाठ, आणि त्याच अवस्थेत सगळे खड्डे. दोन्ही टंक्या भरलेल्या असतात तेव्हा त्या एकमेकींना तोलून धरतात, पट्ट्यांवर फक्त सरळ वजन येतं. एक रिकामी झाली की तोल देणारं कुणी नाही, चौकटीचा सगळा पीळ पट्ट्यांवर, आणि सगळ्यात जास्त डाव्या पट्टीवर.

 मला माई आठवली. कापड ती दुमडून कापायची खरी, पण माप घेताना बाईचे दोन्ही खांदे वेगवेगळे मोजायची. एकाच कडेवर रोज घागर घेणाऱ्या बायकांचा एक खांदा उतरलेला असतो, म्हणायची. मी तिची घडी तेवढी उचलली आणि खांदे मोजायचं विसरले.

मग मी पदर खोचला आणि गेंदालालच्या गाडीशी वाकले. चौकट आमचीच होती. डाव्या पट्टीवरची धूळ आणि दुधाचे सुकलेले ओघळ बोटानं पुसले, तर खाली केसाएवढी बारीक काळी रेघ. मी त्याला म्हटलं, ही चौकट आता वापरायची नाही. तो म्हणाला, मग उद्या सगळ्यांना दूध कोण देणार, तुम्ही? शेवटी एकच लहान टंकी सीटवर बांधून दोन फेरे मारायला तयार झाला, वर ऐकवलंच की बायांनी गाड्यांत लक्ष घातलं की असं होतं.

सोमवारी मी पहिल्या बसनं गेले. पूर्ण चौकट घ्यायची तर सॉफ्टवेअर घेणार नाही. अर्धी घेतली तर पुन्हा आरसा. मग ते पुस्तक काढलं आणि तो तीन वेळा दुमडलेला धडा उघडला. ज्या धड्याला मी इतकी वर्षं भ्यायले तो इतका सोपा होता की मला स्वतःचीच लाज वाटली. समजा डावीकडे चाळीस किलो आणि उजवीकडे शून्य. याचे दोन भाग करा. पहिल्यात दोन्हीकडे वीस-वीस खाली. दुसऱ्यात डावीकडे वीस खाली आणि उजवीकडे वीस वर. दोन्ही एकत्र केले की डावीकडे चाळीस, उजवीकडे शून्य. पहिल्या भागाला साधा आरसा चालतो. दुसऱ्याला उलटा आरसा लावायचा, म्हणजे इकडे खाली जाईल ते पलीकडे वर. अर्धीच चौकट, फक्त दोनदा सोडवायची. मग डाव्या पट्टीसाठी दोन्ही उत्तरांची बेरीज करा आणि उजवीसाठी वजाबाकी.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्तर आलं. उजवी पट्टी हिरवी. डावी पट्टी लाल, आणि लाल नेमकं तिथे जिथे त्या चौकटी तडकल्या होत्या.

मीटिंग तीन वाजता होती. मी केबिनमध्ये गेले आणि बसायच्या आधीच सांगितलं की रिपोर्ट चुकीचा आहे, आणि तो माझा आहे. माथुर साहेबांच्या कॉम्प्युटरवर ते चित्र उघडून दाखवलं. मग त्यांनी वाट शोधली, शोधणारच, नवीन चौकटी फुकट द्याव्या लागणार होत्या. म्हणाले, "कुंदाजी, हमने तो दोनों तरफ बराबर वजन लिखा है. ये तो ग्राहक का गलत इस्तेमाल हुआ न?"

मी म्हटलं, "तो साहब, दूधवाले से कहें कि हर दरवाजे पर आधा पाव इधर से नापे, आधा पाव उधर से?"

ते हसले नाहीत, पण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, मांगीलालला बोलवा.

तो ग्राइंडरची धूळ केसांत घेऊनच आला. साहेबांनी त्याला सांगितलं की तुझा दोष नाही, डिझाइनचा आहे. त्यानं मान हलवली. आनंद वगैरे काही दिसला नाही. उलट तो कॉम्प्युटरकडे वळला आणि पडद्यावरच्या त्या लाल-हिरव्या चौकटीकडे नीट बघायला लागला, जसा तो दुसऱ्याचं काम बघायचा, डोकं एका बाजूला कलवून. पट्टी जिथे नळीला मिळते तिथे त्यानं बोट ठेवलं.

"ताईजी, इनमें म्हारो टांको कां हे?"

यात माझा टाका कुठे आहे. मी पडद्याकडे पाहिलं. टाका नव्हता. आम्ही कुणीच टाका काढत नाही. पट्टी आणि नळी जिथे भेटतात तिथे कॉम्प्युटरला सांगतो की हे दोन चिकटलेले आहेत, मधे काही नाही, जसे जन्मतःच एक. ज्या टाक्यावर आम्ही आठवडाभर आरोप ठेवला होता तो माझ्या गणितात कधी नव्हताच. पहिल्या रिपोर्टात नव्हता आणि ज्यानं त्याला सोडवलं त्या दुसऱ्यातही नव्हता.

मी खरं ते सांगितलं. "इसमें नहीं है, भिया. मैंने डाला ही नहीं."

तो रागावला नाही. त्यानं खडू मागितला आणि जमिनीवर पट्टी आणि नळी काढली. मालवी आणि हिंदी मिसळून समजावलं की टाका पट्टीच्या कोपऱ्यावर येऊन संपतो, आणि टाका जिथे संपतो तिथे तो कच्चा असतो, तडा तिथूनच धरतो. कोपऱ्यावरून वळवून मागे न्यायला हवा. हे त्यानं पहिल्या चौकटीच्या वेळीच सुपरवायझरला सांगितलं होतं. नकाशात नाही म्हणून सुपरवायझरनं ऐकलं नव्हतं. नकाशा मी पाहिलेला. त्यात टाक्याची जागा एका बाणानं दाखवलेली असते, बस.

पुढचे चार दिवस तो सुट्टीत माझ्या टेबलाशी यायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा टाका काढला, त्याच्या उतारासकट, वळणासकट, आणि तिथे बारीक जाळी विणली. इतर ठिकाणी जाळी ढोबळ केली म्हणून तुकडे पुरले. तो बाजूला उभा राहून सांगायचा, इतना मोटा नहीं, ताईजी, इतनो तो नवा छोरा भरे हे. शेवटी नवी चौकट ठरली. दोन्ही पट्ट्या खालून एका आडव्या पट्टीनं एकमेकींना बांधल्या आणि टाका कोपऱ्यावरून वळवून मागे नेला. उजवी रिकामी, डावी भरलेली, असा भार देऊन पाहिला. पिवळं झालं, लाल नाही. माथुर साहेबांनी दुकानदारांना कळवून जुन्या चौकटी बदलून दिल्या. वरच्यांची बोलणी त्यांना खावी लागली असणार, मला त्यांनी ऐकवली नाहीत.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक रिपोर्टाच्या पहिल्या पानावर, उत्तराच्याही आधी, एक यादी असायची. या गणितात काय धरलेलं नाही. वापरणाऱ्याला कुणी विचारलं का, तेही त्यात असायचं. काही इंजिनियरांना ती यादी आवडायची नाही, त्यामुळे रिपोर्ट कमजोर वाटतो म्हणायचे. मी म्हणायची, तितका तो असतोच.

आता माझी खंत. मांगीलालला टॉर्च परत मिळाली. पण मी चूक कबूल केली ती काचेच्या केबिनमध्ये, दार लावून, आम्ही तिघंच असताना. त्याचं नाव खराब झालं होतं ते शेडमध्ये, पन्नास जणांसमोर. मी शेडमध्ये गेले नाही. लाज वाटली. अकरावी पास बाई इथवर आली, आता सगळ्यांसमोर चुकली म्हणायचं, हे जमलं नाही. कुणी जाहीर केलं नाही की मांगीलाल बरोबर होता. 'डाबा भिया' हे नाव बरेच महिने चाललं. तो मेथी आणत राहिला, आणि ती मेथी निवडताना मला दर वेळी ते नाव ऐकू यायचं.

नवी चौकट ठरली त्याच आठवड्याच्या रविवारी मांगीलाल ती घेऊन आमच्या घरी आला, गेंदालालची बदलायला. मीच बोलावलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक वेल्डिंगचं दुकान आहे, तिथली टॉर्च मागून घेतली. सकाळची वेळ, दूध घ्यायला आलेल्या बायका, पेपर घेऊन बाहेर आलेले बुवा, ते बाल्कनीच्या जाळीवाले गृहस्थही होते. गेंदालालनं जुनी चौकट उतरवून रस्त्यावर टाकली. तड्याची रेघ आता चांगली दिसत होती. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, कुण बणायो हे यो? कोणी बनवलं हे?

मांगीलालनं चष्मा वर सरकवला आणि शांतपणे म्हणाला, "टांको म्हारो."

त्याला तसं म्हणायची काही गरज नव्हती. पण टाका त्याचा होता, तो नाकारणार कसा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि शेडमध्ये जे माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते गल्लीत निघालं.

"टांको बरोबर हे," मी म्हटलं, माझ्या मोडक्या मालवीत आणि जरा जास्तच मोठ्यांदा. "हिसाब गलत थो. हिसाब म्हारो."

 गेंदालालनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग म्हणाला, "ने दूध म्हारो. अबे चालो, तावड़ो चढ़ी रियो हे." आणि दूध माझं, आता चला, ऊन चढतंय.

मांगीलाल हसला. त्या सगळ्या प्रकरणात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यानं नवी चौकट बसवली आणि तिथेच टाक्याची जास्तीची एक रेघ वळवून मारली, मला दाखवत दाखवत. गेंदालालनं टंक्या चढवल्या, गाडी डावीकडे कलवून लावली, वळसा घालून गेला आणि उजव्या टंकीचं झाकण उघडलं.

तो अजून येतो. रोज सकाळी मी भांडं पुढे करते आणि तो माप भरतो. तो म्हणतो, ताई, दूध इकडे आहे, बघता कुठे? मी डाव्या पट्टीकडे बघत असते.